माळ्यावर बाबांचा स्पेक्ट्रम सापडला. चालू करण्याआधी काय बघू?

द्राक्षबाग (धागाकर्ता) · १० मे, रात्री ९.२०

नमस्कार मंडळी. नाशिकजवळचं आमचं जुनं घर रिकामं करतोय. काल माळ्यावरच्या ट्रंकेत सोलापुरी चादरीत गुंडाळलेला बाबांचा कॉम्प्युटर सापडला, 'डीबी स्पेक्ट्रम प्लस'. १९८८ साली त्यांनी तो घेतला तेव्हा मी दुसरीत होतो. टीव्हीला जोडायचा, टेपरेकॉर्डरवरून प्रोग्रॅम भरायचा आणि साडेसात वाजले की आई म्हणायची, बातम्या लागतील, आवरा आता.

सोबत तीन कॅसेट आहेत. दोन गेमच्या. तिसरीवर बाबांच्या अक्षरात 'बाग हिशोब + फवारणी ८९-९०' असं लिहिलंय. बाबांना जाऊन चार वर्षं झाली. कॉलेज न शिकलेला माणूस, पण पुस्तक समोर ठेवून बेसिक ही प्रोग्रॅमिंगची भाषा शिकला आणि द्राक्षबागेचा हिशोब स्वतः लिहिला. ती कॅसेट मला उघडायची आहे.

मूळ अॅडॉप्टर सापडत नाही. राउटरचा नऊ व्होल्टचा अॅडॉप्टर आहे, पिन अगदी बरोबर बसते. उद्या लावून बघू का?

---

तापकीर_गल्ली · १० मे, रात्री ९.३१

थांबा! राउटरचा अॅडॉप्टर लावू नका. सविस्तर थोड्या वेळाने लिहितो, तोवर ती पिन लांब ठेवा.

---

तापकीर_गल्ली · १० मे, रात्री १०.०५

हां, आता निवांत लिहितो.

पिन बसते हाच धोका आहे. हल्लीच्या बहुतेक अॅडॉप्टरमध्ये पिनच्या मधल्या भागाला धन आणि बाहेरच्या कड्याला ऋण असतं. स्पेक्ट्रमला नेमकं उलट लागतं, मधे ऋण. आत उलटा प्रवाह अडवणारा डायोड नाही. चुकीची पिन गेली की पहिला मार आतल्या डीसी-डीसी भागाला (एका व्होल्टेजवरून बाकीची व्होल्टेज बनवतो तो) बसतो आणि त्याच्या पाठोपाठ रॅमला, म्हणजे मेमरीला.

दुसरं म्हणजे मूळ अॅडॉप्टर ९ व्होल्ट, १.४ अँपिअरचा. राउटरचा बऱ्याचदा अर्धा किंवा पाऊण अँपिअरचा असतो. गिटारच्या पेडलचे अॅडॉप्टर मधे ऋण असलेले मिळतात म्हणून कोणी ते सुचवेल, पण त्यांचा करंट फारच कमी असतो.

सोपा उपाय: चांगला ९ व्होल्ट, २ अँपिअरचा रेग्युलेटेड अॅडॉप्टर घ्या, वायर कापा, अदलाबदल करून पिन परत जोडा. मग मल्टिमीटर लावून मधे उणे येतंय याची खात्री करा. एकदा नाही, दोनदा. पिनला लाल टेप गुंडाळून वर 'फक्त स्पेक्ट्रम' लिहून ठेवा, नाहीतर घरातलं कोणीतरी ती राउटरला लावेल.

---

कृष्णाकाठ · १० मे, रात्री १०.१२

+१. आणि मागच्या उघड्या कनेक्टरला जॉयस्टिक वगैरे काही लावायचं असेल तर वीज बंद करूनच. चालू मशीनमध्ये तिथे काही खुपसलं की चिप गेलीच म्हणून समजा.

---

ध्वनिवेडी · ११ मे, सकाळी ७.४०

द्राक्षबाग दादा, सगळे मशीनबद्दल लिहितायत, मी कॅसेटबद्दल लिहिते. तुमचा स्पेक्ट्रम जळाला तर दुसरा मिळेल. तुमच्या बाबांची कॅसेट तुटली तर संपलं. म्हणून क्रम उलटा करा: आधी कॅसेट लॅपटॉपवर उतरवा, मशीन नंतर.

मी घरच्या घरी जुन्या कीर्तनांच्या आणि नाट्यगीतांच्या कॅसेट उतरवते, बारा-तेरा वर्षं झाली. अनुभवाच्या गोष्टी सांगते.

कॅसेट उजेडात धरून खिडकीतून बघा. फितीच्या कडेवर पांढरट भुकटी दिसली तर ती बुरशी आहे, वाजवू नका. इथे विचारा, मग पुढचं सांगेन. खालच्या बाजूला मधोमध फितीमागे बारीक नमदा चिकटवलेली स्प्रिंगची पट्टी असते. तो नमदा बऱ्याचदा गळून पडलेला असतो. तो नसेल तर फीत हेडला नीट टेकत नाही आणि आवाज बसल्यासारखा येतो. स्क्रूवाली कॅसेट असेल तर उघडून फीत दुसऱ्या चांगल्या कॅसेटच्या खोक्यात बसवता येते. चिकटवलेली असेल तर सांधा अलगद उकलावा लागतो. घाई केली तर फीत कापली जाते.

पहिल्यांदा वाजवायची ती घरात पडलेल्या टेपरेकॉर्डरवर नाही. त्याचा रबरी पट्टा बहुधा विरघळून डांबर झाला असेल. ज्या डेकवर दुसरी कॅसेट नीट वाजली आहे, त्यावरच वाजवा. हेड आयपीएने, म्हणजे आयसोप्रोपिल अल्कोहोलने, पुसा (मोबाइल दुरुस्तीवाल्यांकडे मिळतं). इअरफोन जॅकमधून वायर काढून लॅपटॉपला यूएसबी साउंड कार्डमार्फत द्या. रेकॉर्डिंग वेव्ह फाइलमध्येच करा, ४४.१ किलोहर्ट्झवर. एमपी३ नको. गाण्याला चालतं ते या आवाजाला चालत नाही, कारण इथे प्रत्येक लाटेची लांबी हाच मजकूर आहे.

---

रोखठोक_राव · ११ मे, सकाळी ९.१५

ध्वनिवेडींचं पटलं. पण एकदा फाइल लॅपटॉपवर आली की मशीनचं करायचं काय? स्पेक्ट्रमचा एम्युलेटर, म्हणजे त्याची हुबेहूब नक्कल करणारा प्रोग्रॅम, फोनवरसुद्धा दोन मिनिटांत चालतो. पस्तीस वर्षांपूर्वीच्या बोर्डावर सोल्डरिंग करण्यात शनिवार-रविवार घालवण्यापेक्षा बाबांचा प्रोग्रॅम एम्युलेटरवर बघा आणि मशीन काचेच्या कपाटात ठेवा. हे मी मनापासून सांगतोय, टोमणा नाही.

---

केंब्रिजकर_नाशिककर · ११ मे, दुपारी १.५०

राव, असहमत. गाणं रेकॉर्ड करता येतं म्हणून कोणी तबला फोडत नाही. त्या कीबोर्डवर 'जे' दाबलं की अख्खा 'लोड' शब्द उमटतो, तो अनुभव बोटांचा आहे. आणि ज्या बोर्डावर बाबांनी तो हिशोब लिहिला तोच बोर्ड चालणं ही वेगळी गोष्ट आहे.

मी राहतो केंब्रिजमध्ये, म्हणजे मूळ स्पेक्ट्रम बनवणाऱ्या सिंक्लेअर कंपनीच्या गावातच. पहिला स्पेक्ट्रम तिनेच एप्रिल १९८२ मध्ये जाहीर केला. इथल्या सेंटर फॉर कम्प्युटिंग हिस्टरीत ही मशीन नुसती मांडून ठेवलेली नाहीत, शाळेतली मुलं त्यांवर बसून प्रोग्रॅम लिहितात. कपाटात ठेवलेलं मशीन हळूहळू मरतं, चालणाऱ्या मशीनला काय होतंय ते निदान कळतं.

द्राक्षबाग, तुमच्या प्लसच्या कीबोर्डखाली प्लॅस्टिकचा पातळ पडदा असतो, मेम्ब्रेन. त्याची पट्टी बोर्डात खोचलेली असते आणि इतक्या वर्षांनी ती काचेसारखी तुटते. उघडताना वरचं झाकण झटकन उचलू नका. तुटली तरी घाबरू नका, नवीन मेम्ब्रेन आजही बनवतात. डिसेंबरमध्ये येतोय, एक आणतो.

---

देवगडची_हवा · ११ मे, सायं. ६.०२

आमच्या कोकणात तर मशीनपेक्षा पावसाळाच मोठा शत्रू. जूनपासून सप्टेंबरपर्यंत मी एकही जुनं यंत्र उघडत नाही. कपाटात चाळीस वॅटचा बल्ब सतत लावून ठेवायचा ही फोटोग्राफर काकांची जुनी युक्ती, लेन्सला बुरशी येऊ नये म्हणून. तीच मी फ्लॉपी आणि कॅसेटला लावतो. जोडीला निळी सिलिका. गुलाबी झाली की तव्यावर तापवली, परत निळी.

नाशिकला कोरडी हवा, तुमची कॅसेट बहुतेक चांगली असेल. पण जे काय करायचं ते मृगाच्या आधी करा.

---

वर्गमॉनिटर · ११ मे, रात्री ८.४४

अवांतर: हा धागा वाचून शाळेतली कॉम्प्युटरची खोली आठवली. १९८४-८५ मध्ये केंद्र सरकारचा 'क्लास' प्रकल्प आला, त्यात शाळांना बीबीसी मायक्रो हे ब्रिटिश कॉम्प्युटर दिले होते. आमच्याकडे दोन होते. खोलीला जाड पडदे, दारात चपलांचा ढीग. चपला काढून, हात धुऊन आत जायचं, अगदी देवघरात जातात तसं. एका मशीनपुढे सात मुलं, त्यात माझं काम म्हणजे रिटर्न दाबायचं.

पुढे त्याचंच भारतीय रूप चंदीगडजवळ मोहालीत सेमीकंडक्टर कॉम्प्लेक्सने परवान्यावर बनवलं, 'युनिकॉर्न' नावाने. कोणाकडे आहे का एखादा?

---

सिरीज_बल्ब · ११ मे, रात्री ९.३०

युनिकॉर्न नाही, पण बीबीसी मायक्रो आहे, एका शाळेच्या भंगारातून सोडवलेला. तुमच्यासाठी नाही पण पुढे कोणी हा धागा वाचेल त्याच्यासाठी लिहून ठेवतो. त्याच्या पॉवर सप्लायमध्ये मेन्सवर बसवलेले जुने कागदी कपॅसिटर असतात. वरच्या पारदर्शक आवरणाला तडे जातात, आत ओल शिरते, आणि चालू केल्यावर दहा मिनिटांनी खोलीभर दुर्गंधीचा धूर. माझा तसाच गेला, आईने अख्खी इमारत जागी केली. मशीनला काही झालं नव्हतं. ते कपॅसिटर काढून त्याच मूल्याचे नवे एक्स-टू वर्गाचे, २७५ व्होल्टचे टाकायचे. साधे कपॅसिटर तिथे चालत नाहीत.

जुन्या ट्रान्सफॉर्मरवाल्या सप्लायला पहिल्यांदा वीज देताना सिरीज बोर्ड वापरा. शंभर वॅटचा बल्ब फेजच्या वायरमध्ये. बल्ब पूर्ण पेटला म्हणजे आत शॉर्ट आहे, पण नुकसान बल्बवर थांबतं. एसएमपीएसला (स्विचिंग पद्धतीच्या सप्लायला) ही युक्ती नीट लागू होत नाही, तो कमी व्होल्टेजला फडफडतो आणि निदान चुकतं. शिवाय एसएमपीएसच्या मोठ्या कपॅसिटरमध्ये सव्वातीनशे व्होल्ट साठतात, वायर काढल्यावरही. नवख्यांनी तो डबा उघडू नये.

---

तापकीर_गल्ली · ११ मे, रात्री ९.५२

उत्तम प्रतिसाद. वाचनखूण साठवली.

---

लॅमिंग्टन_लोकल · १२ मे, सकाळी ११.१०

कपॅसिटरचा विषय निघालाच आहे तर माझं मत: स्पेक्ट्रम उघडलात की सगळे इलेक्ट्रोलिटिक डोळे झाकून बदला. मोजून दहा-बारा आहेत, शे-दोनशे रुपयांचं काम.

---

कृष्णाकाठ · १२ मे, सकाळी ११.२५

डोळे झाकून का? आधी मोजा. चालणारं मशीन सरसकट कपॅसिटर बदलायला घेतलं आणि ट्रेस, म्हणजे बोर्डावरची तांब्याची रेघ, उखडला, असं माझ्या हातून झालंय. जुन्या बोर्डाचं तांबं नाजूक असतं. एकावेळी एक बिघाड शोधायचा, एक दुरुस्त करायचा, परत मोजायचं. सगळं एकदम बदललं तर कशाने बिघडलं आणि कशाने सुधारलं हे कधीच कळत नाही.

---

लॅमिंग्टन_लोकल · १२ मे, सकाळी ११.४०

ज्याला सोल्डरिंगचा हात नाही त्याच्यासाठी तुमचं बरोबर. माझ्या टेबलावर मात्र बदलूनच घेतो, चाळीस वर्षं हे त्यांचं आयुष्य नाहीच.

---

द्राक्षबाग (धागाकर्ता) · १४ मे, रात्री १०.३०

सर्वांचे मनापासून आभार. प्रगती सांगतो.

अॅडॉप्टर तापकीर_गल्लींनी सांगितला तसा केला. दोनदा नाही, चारदा मोजला. मशीन उघडलं. आत पालीची दोन रिकामी अंडी आणि एक शर्टाचं बटण. मेम्ब्रेनची पट्टी माझ्या हातात आली तेव्हाच तुटलेली होती. केंब्रिजकर, तुमचा डिसेंबर आता माझ्या कॅलेंडरवर आहे.

मग वीज दिली. टीव्हीवर काहीच सापडेना. बोर्डावर ७८०५ च्या (पाच व्होल्ट देणाऱ्या रेग्युलेटरच्या) टोकाला ५.०२ व्होल्ट येतात. पुढे काय मोजू?

---

तापकीर_गल्ली · १४ मे, रात्री १०.४८

पाच येतात, फार छान. आता बोर्डावर एका ओळीतल्या आठ सारख्या चिप बघा, ४११६. हीच खालची १६ केबी रॅम. तिला तीन व्होल्टेज लागतात: पहिल्या पायाला उणे ५, आठव्याला अधिक १२, नवव्याला अधिक ५. सोळावा पाय ग्राउंड. नेहमीच्या चिपमध्ये आठवा पाय ग्राउंड असतो म्हणून लोक चुकतात, मीटरची काळी पिन सोळाव्यावरच ठेवा.

टीव्हीचं म्हणाल तर मूळ सिग्नल यूएचएफवर, चॅनल ३६ ला येतो. तो शोधत बसू नका. मॉड्युलेटरच्या (टीव्हीसाठी सिग्नल बनवणाऱ्या भागाच्या) चंदेरी डबीत बाजूने दोन वायर जातात, एक पाच व्होल्टची आणि एक चित्राची. दोन्ही सोडवा, डबीच्या आत सॉकेटला जाणारा रेझिस्टर सोडवा आणि चित्राची वायर थेट सॉकेटच्या मधल्या टोकाला जोडा. मग टीव्हीच्या पिवळ्या एव्हीला लावा. पाच व्होल्टच्या वायरचं टोक मात्र टेपने नीट झाका. आवाजाची काळजी नको, तो टीव्हीतून येतच नव्हता, मशीनच्या पोटातल्या बारक्या स्पीकरमधून यायचा.

---

द्राक्षबाग (धागाकर्ता) · १५ मे, रात्री ९.०५

पाय ९: ५.०१. पाय ८: बारा नाही, जेमतेम आठ. पाय १: शून्य. एव्ही जोडलं, चित्र आलं! पण काळे-पांढरे उभे पट्टे आहेत, बाकी काही नाही.

---

कृष्णाकाठ · १५ मे, रात्री ९.३०

मग बिघाड समोर आला. डीसी-डीसी भाग झोपलाय, म्हणून उणे ५ नाही. आणि उणे ५ नसताना या ४११६ फार काळ चालू ठेवल्या की त्याही मरतात. ताबडतोब बंद करा, उगाच चालू करून बघू नका.

टीआर-४ आणि टीआर-५ असे दोन ट्रान्झिस्टर कॉइलजवळ आहेत. बहुतेक टीआर-४ गेला असेल. पण तो बदलण्याआधी वीज बंद ठेवून १२ आणि उणे ५ या दोन्ही लाइन ग्राउंडला शॉर्ट नाहीत ना ते बघा. मेलेली रॅम लाइन खाली ओढत असेल तर नवा ट्रान्झिस्टरही त्याच क्षणी जाईल.

---

गंगापूर_रोड · १५ मे, रात्री ९.४१

द्राक्षबाग, मी नाशिकातच आहे. सोल्डर पंप, फ्लक्स, टीआर-४ चे दोन नग माझ्याकडे पडून आहेत. रविवारी सकाळी येऊ का? फक्त पत्ता व्यक्तिगत निरोपात पाठवा, इथे नको.

---

द्राक्षबाग (धागाकर्ता) · १५ मे, रात्री ९.४३

नक्की या! आई म्हणते, जेवायलाच या.

---

मुद्रक_सोलापूर · १६ मे, सकाळी १०.२०

थोडं अवांतर, पण याच माळेतलं आहे. आमच्या छापखान्यात अजून एक जुना ३८६ कॉम्प्युटर आहे. त्यात सी-डॅकचं जिस्ट कार्ड आहे. नव्वदच्या दशकात डॉसवर मराठी लिहायचं तर हेच कार्ड. वडिलांनी छापलेल्या लग्नपत्रिका, स्मरणिका, गावच्या यात्रेच्या जाहिराती, सगळा मजकूर त्या फाइलींत आहे आणि आजच्या कॉम्प्युटरवर उघडला की नुसती गिचमीड दिसते.

गेल्या महिन्यात तो सुरू होईना. आत बघितलं तर बोर्डावरची बॅटरी फुटून हिरवट-निळा थर पसरलाय. कोणी म्हणतं खायचा सोडा लावा. लावू का?

---

सिरीज_बल्ब · १६ मे, सकाळी १०.५०

सोडा नको! ती निकेल-कॅडमियमची बॅटरी, तिच्यातून निघतं ते अल्कली. सोडा आम्लावर चालतो. इथे उलट, पांढरं व्हिनेगर. कापसाच्या काडीने थोडं थोडं लावा, फसफस थांबली की डिस्टिल्ड वॉटरने धुवा, मग आयपीए, मग एक दिवस उन्हाजवळ सावलीत वाळवा. बॅटरी आधी कापून काढा आणि तिच्या जागी परत तसली बसवू नका, वायर काढून बाहेर लांब ठेवा. कीबोर्डच्या सॉकेटजवळचे ट्रेस मीटरने तपासा, बहुतेक तेच खाल्लेले असतात.

---

ध्वनिवेडी · १६ मे, दुपारी १२.१५

मुद्रक काका, फाइलींची काळजी नको. जिस्टचा मजकूर बहुधा इस्कीमध्ये, म्हणजे भारतीय लिप्यांच्या संकेतपद्धतीत असतो, १९९१ च्या भारतीय मानकाचा. त्यात प्रत्येक अक्षराला ठराविक आकडा आहे, 'क' म्हणजे १७९. त्यामुळे तो युनिकोडमध्ये सरळ बदलता येतो. फॉन्टच्या करामतीवर लिहिलेल्या फाइली जास्त त्रास देतात, कारण तिथे अक्षर नाही तर अक्षराचे तुकडे साठवलेले असतात. एक छोटी फाइल पाठवा, मी बदलून बघते. हार्ड डिस्क मात्र आधी कॉपी करा, बोर्ड सुधारल्याबरोबर पहिलं काम तेच.

---

मुद्रक_सोलापूर · १६ मे, दुपारी १२.३०

ताई, डोळ्यांत पाणी आणलंत. संध्याकाळीच पाठवतो.

---

पांढरा_कीबोर्ड · १७ मे, रात्री ८.००

कोणी पिवळं पडलेलं प्लॅस्टिक हायड्रोजन पेरॉक्साइड लावून उन्हात पांढरं केलंय का? मेचं ऊन फुकट जातंय.

---

देवगडची_हवा · १७ मे, रात्री ८.२०

केलंय. चार तासांत नव्यासारखं झालं आणि दोन वर्षांनी परत पिवळं. रसायन सुकलेल्या ठिकाणी डाग पडले ते वेगळेच. मी आता करत नाही. पिवळेपणा म्हणजे वय आहे, असू द्या. हातमोजे आणि चष्मा न घालता तर करूच नका.

---

अटलांटाचा_मामा · १७ मे, रात्री ११.५५

इथून भारतात कमोडोर ६४ (त्याच काळातला घरगुती कॉम्प्युटर) नेणाऱ्यांसाठी: अमेरिकेतला सप्लाय ११० व्होल्ट, ६० हर्ट्झचा आहे. मी १९८७ साली भाच्यासाठी नेला आणि ट्रान्सफॉर्मर न लावता भिंतीत खुपसला. चूक संपूर्ण माझी. ट्रान्सफॉर्मर लावला तरी ५० हर्ट्झवर तो जास्त तापतो. शिवाय त्या मशीनचा मूळ सप्लाय जुना झाला की पाचाच्या जागी जास्त व्होल्ट द्यायला लागतो आणि रॅम जाते, हे आता सर्वांना ठाऊक आहे. सव्वापाचाच्या वर आकडा दिसला की तो परत वापरू नका. राळेत ओतलेला असतो, दुरुस्त होत नाही. नवा घ्या.

---

गंगापूर_रोड · १९ मे, सायं. ५.३०

द्राक्षबागांकडे जाऊन आलो. टीआर-४ गेलाच होता. बदलला, १२ आणि उणे ५ दोन्ही आले. पट्टे गेले, पण पडद्यावर ठिपक्यांची उभी रांग राहिली. प्रत्येक ४११६ मध्ये एका बाइटचा एकच बिट असतो आणि चित्राची मेमरी याच १६ केबीत, त्यामुळे एक चिप गेली की आठ ठिपक्यांतला ठराविक एक बिघडतो. बोट लावून बघितलं, तिसरी चिप चटका देत होती. पाय कापून चिप काढली, मग एकेक पाय वेगळा उपसला, त्यामुळे ट्रेस शाबूत राहिले. सॉकेट बसवलंय. आता ४११६ हवी. लॅमिंग्टन_लोकल, ऐकताय ना?

काकूंची पुरणपोळी हा वेगळ्या धाग्याचा विषय आहे.

---

लॅमिंग्टन_लोकल · १९ मे, सायं. ६.१०

ऐकतोय. एका म्हाताऱ्या दुकानदाराच्या खणात चार नग होते, मी चारही घेऊन ठेवलेत. दोन उद्या कुरिअर करतो, पैसे नकोत. तोवर कोणी तिथे ४१६४ खोचायला सांगितलं तर ऐकू नका. पाय सोळाच असतात, पण तिला फक्त पाच व्होल्ट लागतात आणि या बोर्डावर तिच्या त्याच पायाला बारा मिळतील.

---

द्राक्षबाग (धागाकर्ता) · २० मे, रात्री ८.१५

चिप यायची आहे तोवर कॅसेटकडे वळलो. ध्वनिवेडी ताई, बुरशी नाही, नमदा जागेवर आहे. शेजाऱ्यांचा डेक घेतला. आवाज उतरवला पण डीकोड करताना, म्हणजे आवाजातून प्रोग्रॅम परत काढताना, प्रत्येक ब्लॉकला चूक दाखवतंय.

---

ध्वनिवेडी · २० मे, रात्री ८.५०

दोन गोष्टी. प्रत्येक प्रोग्रॅमच्या सुरुवातीला साधारण पाच सेकंद एकच सलग सूर येतो. ऑडिओच्या सॉफ्टवेअरमध्ये त्याची वारंवारता मोजा. ती ८०७ हर्ट्झच्या आसपास हवी. बरीच कमी असेल तर डेक सावकाश फिरतोय.

दुसरं, हेडच्या बाजूला स्प्रिंगवाला बारीक स्क्रू असतो. कॅसेट वाजत असताना तो अगदी थोडा थोडा फिरवा. आवाज सर्वांत कर्कश येईल तिथे थांबा. बाबांच्या टेपरेकॉर्डरचं हेड ज्या कोनात होतं तोच कोन तुम्हाला शोधायचा आहे.

---

द्राक्षबाग (धागाकर्ता) · २१ मे, रात्री १.४०

सूर ८०१. म्हणजे वेग ठीक होता, कोन चुकला होता. पाव फेरा फिरवला आणि आवाज एकदम उघडला, जणू तोंडावरचा हात काढला.

चार प्रोग्रॅम मिळाले. लगेच 'फ्यूज' नावाच्या एम्युलेटरवर उघडले. पहिला म्हणजे खरड छाटणी आणि गोडी छाटणीच्या तारखा विचारतो आणि आज कितवा दिवस ते सांगतो. त्यावरून मोरचूद-चुना किती, पाणी किती. ओळींमध्ये बाबांचे शेरे आहेत. २४० व्या ओळीवर लिहिलंय: 'भुरी आली तर इथे बदल कर'.

आणि मथळा देवनागरीत आहे! पडद्यावर 'द्राक्षबाग' असं लिहून येतं. हे कसं केलं असेल? तेव्हा तर मराठी नव्हतंच यावर.

---

केंब्रिजकर_नाशिककर · २१ मे, पहाटे ३.१०

इथे अजून रात्रच आहे, वाचून उठून बसलो.

स्पेक्ट्रममध्ये २१ चिन्हं स्वतः काढायची सोय आहे. प्रत्येक चिन्ह आठ बाय आठ ठिपक्यांचं, म्हणजे आठ आकडे. बाबांनी चौकटीच्या वहीत अक्षरं काढली असणार, भरलेला चौकोन एक, रिकामा शून्य, आणि आकडे डेटाच्या ओळींत भरले असणार. शेवटाकडे आठ-आठ आकड्यांच्या ओळी दिसतात का बघा. शिरोरेषा सलग यावी म्हणून प्रत्येक ओळीतला पहिला किंवा दुसरा आकडा २५५ असेल.

---

द्राक्षबाग (धागाकर्ता) · २१ मे, सकाळी ७.०५

आहेत. दुसरा आकडा सगळीकडे २५५. आईला विचारलं, ती म्हणाली, माझ्या हिशोबाच्या वहीची पानं फाडायचे चौकोनासाठी, त्यावरून भांडण झालं होतं.

---

रोखठोक_राव · २१ मे, सकाळी ८.३०

माझं एम्युलेटरचं म्हणणं कायम आहे, कारण बघा, पहिलं दर्शन त्यावरच झालं. पण हे आता त्याच मशीनवर बघितलंच पाहिजे. चिप पोचली का?

---

द्राक्षबाग (धागाकर्ता) · २५ मे, रात्री ९.५०

पोचली. गंगापूर_रोड परत आले. चिप बसवली, पडदा काळा झाला, मग पांढरा, आणि खाली '१९८२ सिंक्लेअर रिसर्च' ही ओळ आली. मेम्ब्रेनची पट्टी त्यांनी तुटलेला भाग कापून तात्पुरती खोचली, वरच्या ओळीतली तीन बटणं चालत नाहीत, बाकी चालतात. ते म्हणाले, 'प्रिंट पीक २३७३२ + २५६ * पीक २३७३३' टाइप करा. उत्तर ६५५३५ आलं, म्हणजे ४८ केबी शाबूत.

मग फोन एअरप्लेन मोडवर टाकून, आवाज पूर्ण करून, वेव्ह फाइल मशीनला दिली. कडेला लाल-आकाशी पट्टे, मग निळे-पिवळे. आई दारात उभी होती. साडेतीन मिनिटांनी मथळा आला. प्रोग्रॅमने तारीख विचारली ती टाइप केली, यंदाच्या खरड छाटणीची, १२ एप्रिल. उत्तर आलं: दिवस ४३.

भाऊ अजून बाग बघतो. त्याने वहीत बघितलं, त्याच्याकडेही ४३ च होते.

---

कृष्णाकाठ · २५ मे, रात्री १०.०२

अभिनंदन, अगदी मनापासून. ७८०५ चा हीटसिंक हात लावून बघा, फार तापत असेल तर पेस्ट बदला. आणि वेव्ह फाइलच्या दोन प्रती वेगवेगळ्या घरांत ठेवा.

---

मुद्रक_सोलापूर · २६ मे, सकाळी ९.४०

वाचून फार आनंद झाला. इकडे ३८६ व्हिनेगरने सुरू झाला, कीबोर्डजवळचे दोन ट्रेस वायरने जोडावे लागले. ताईंनी पाठवलेल्या फाइलीत १९९३ च्या यात्रेची अख्खी जाहिरात वाचता येतेय, फक्त रफार चुकीच्या जागी येतोय. ताई, 'र' पुढचा हलन्त बघाल का एकदा?

---

ध्वनिवेडी · २६ मे, सकाळी ९.५५

बघते काका. हार्ड डिस्कची कॉपी झाली का, ते आधी सांगा.